सोमवारची गाय

कुओपिओत सकाळी सात वाजता अजून काळोखच असतो.
मी गायीची धार काढते.

आमची गाय म्हणजे शिशाच्या डब्यातली काचेची नळी,
तिच्या पोटात मॉलिब्डेनम.
सोमवारी ट्रकने येते, शुक्रवारपर्यंत आटत जाते,
मग भाकड. परत पाठवायची.
एकीकडून मिठाचं पाणी सोडायचं,
दुसरीकडून टेक्नेशियम झरतं:
पाच मिली, रंग नाही, वास नाही, साय धरत नाही.
सहा तासांत निम्मं उरतं,
पुढच्या सहा तासांत त्याच्या निम्मं.
म्हणून सगळी घाई.

बाबांचा फोन येतो, "किती दिलं आज?"
बत्तीस गायी विकून त्यांना अकरा वर्षं झाली.
अजून चारला उठतात.

धार प्रथिनाला बांधते. ॲनेक्सिन त्याचं नाव.
त्याला एकच काम येतं,
जायला निघालेली पेशी ओळखणं.

जगती पेशी टापटिपीची असते.
चरबीचा एक रेणू ती कायम आतल्या अंगाला ठेवते,
कोटाच्या अस्तरासारखा.
जायचं ठरलं की कोट उलटा घालते.
आरडाओरड नाही, शेजाऱ्यांना तोशीस नाही,
फक्त अस्तर बाहेर,
म्हणजे ज्यांनी उचलून न्यायचं
त्यांना घर सापडावं.

एकोणीस नंबरचा उंदीर.
(नाव ठेवायचं नाही, असा इथला शिरस्ता.)
सकाळी वेइक्कोने त्याच्या हृदयाची एक वाहिनी
वीस मिनिटं दोऱ्याने आवळली, मग सोडली.
मी शेपटीच्या शिरेत टोचलं. दोन तास थांबले.
पूर्वी हे बघायला हृदय काढून कापावं लागे.
काचेवर पातळ काप, जांभळ्या रंगात बुडवलेले.
उत्तर अगदी बरोबर,
आणि ज्याचं उत्तर तो नाही.

आता तो कॅमेऱ्याखाली झोपलाय, मिशा हलताहेत.
पडद्यावर मूत्रपिंडं भडक,
ती नेहमीच असतात, तिकडे बघायचं नाही.
यकृत धुरकट.
आणि छातीत, डावीकडे,
मोहरीएवढं काहीतरी.

गाय जाणार हे बाबांना आधी कळायचं.
ती गव्हाणीकडे पाठ करून उभी राहायची.
ओमेना तशीच उभी राहिली, त्या जानेवारीत.
बाबा कंदील न लावता रात्रभर गोठ्यात बसले.
पहाटे ती वळली
आणि खायला लागली.
बाबांनी हे कुणाला सांगितलं नाही. मी दारात होते.

गुरुवारी नवी धार, तोच उंदीर.
मोहरी फिकटलेली.
गेल्या म्हणून, पेशी?
की काहींनी अस्तर पुन्हा आत घेतलं?
असं होतं म्हणतात, कधी कधी.
कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.
वेइक्को चष्मा पुसत म्हणाला,
"कापल्याशिवाय सांगता येणार नाही, ऐला."
प्रोटोकॉलमध्ये शुक्रवार लिहिलेला आहे.
माझ्याच अक्षरात.

फोन वाजतो.
"किती दिलं?"
"पाचच मिली, पण पातळ. आटत आली."
पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास.
"आणि ते जनावर?"

एकोणीस नंबर जाळीशी उभा आहे,
माझ्याकडे तोंड करून,
दोन्ही पंजात दाणा.

"खातंय," मी म्हणते.