आठ प्रश्नचिन्हं

मार्केट यार्डात सौदे उठल्यावर
सातगोंडा दिवाणजींनी स्क्रीन माझ्याकडे वळवला:
"हळद लिहिली होती. हे काय उगवलंय?"

तिरका तुरा खोचलेला इंग्रजी ए,
शेजारी चार किरणांचं नाणं,
मग वर टांगलेला बारका एक.
पुन्हा ए, पुन्हा नाणं, बारका तीन.
पुन्हा ए, पुन्हा नाणं,
मधोमध तुटलेला दंड.

म्हटलं, आत सगळं शाबूत आहे.
आपलं एक अक्षर तीन बाइटांचं,
हा प्रोग्राम एकेक सुटा वाचतोय.
एक ओळ बदलली: युटीएफ-आठ.
हरिपूरच्या पेवाचं झाकण काढावं
तशी हळद दिसली.

पण लॉट एकशे बारा,
नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.
कुणीतरी मागेच तसंच सेव्ह केलेलं.
त्यांच्याखाली आता काहीच नाही,
हे मला जमायचं नाही, म्हटलं.

दिवाणजींनी वजन पाहिलं,
पिवळं बोट काचेवर टेकवलं.
"सात पोती राजापुरी, उचल नाही घेतलेली...
कवलापूरची अक्काताई. लिही."

अ. क. पाय मोडायची खूण. क. काना.
त. काना.
ई.

मी मोजली. आठच होती.