सँक्शन

कुरापाटी टेक्स्टाइल्समध्ये इंग्रजी फक्त मला यायचं.
म्हणजे, असं सगळे समजायचे.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागे सोळा माग खडखडत असताना
मी पत्रं वाचायची
आणि पेंटय्याशेठ माझ्या तोंडाकडे बघायचे,
रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडे बघतात तसे.

त्या मंगळवारी दोन कागद आले.

पहिला बँकेचा.
त्यातला तो शब्द वाचून दाखवावा लागला नाही.
चौदा महिने शेठ त्याच्याच मागे होते:
घराचा उतारा, अंबूअक्कांच्या पाटल्या,
मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात सहा डझन टॉवेल.
"झालं की बे सँक्शन!"
शेडमध्ये ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही,
म्हणून बोटांनी सांगितलं, दहा, दहा, चार.
चोवीस नवे माग.
यंबय्यानं हातातला धागा न सोडता मान हलवली.
पोरगं पेढे आणायला निघालं.

दुसरा दुबईच्या एजंटचा, चार ओळींचा.
गिऱ्हाइकाचा देश आता सँक्शन्ड आहे.
माल बंदरात अडकला. पैसे निघणार नाहीत.

मी काही बोलायच्या आत शेठनी शब्द ओळखला.
त्यावर बोट ठेवलं,
शेजारी बँकेचा कागद धरला,
एकेक अक्षर जुळवलं
आणि हसले.
"हेपण सँक्शन? एकाच दिवशी?"
मग दाराकडे वळून, "अय पोरा! पेढे किलोभर आण बे!"

मी पाणी प्यायले, मला आठवतंय.
माठातलं, उभ्यानंच.

मग सांगितलं.
शेठ, हा शब्द बँकेनं लावला तर हात धरतो,
देशादेशांनी लावला तर गळा.
"स्पेलिंग तेच?"
तेच.
"मग त्या इंग्रजांना कळतंय कसं,
कुठं हात आणि कुठं गळा?"
बी.ए.ला हा प्रश्न नव्हता.

चिडले नाहीत.
कपाटातून नमुन्याची जुनी चादर ओढली,
टेबलावर, दोन्ही कागदांवरच पसरली.
पांढऱ्या जमिनीवर लाल मोर.
उलटली.
लाल जमिनीवर पांढरा मोर.
"तीस वर्षं हेच विणलालो," म्हणाले,
"आणि मलाच उलटी बाजू दिसंना."

पेढे आले. खाल्ले सगळ्यांनी.
आणलेल्या पेढ्यांना नाही कसं म्हणायचं?

कर्ज उचललं. कारखाना वाढवायचा ठरला होता,
आणि ठरलेलं मोडणं त्यांना जमलं नाही कधी.
नवे माग आले, निळ्या प्लास्टिकमध्ये.
हप्ते आले, अगदी तारखेला.
कंटेनर आला नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मेन स्विच पाडला.
शेड इतकी गप्प झाली
की यंबय्या दचकून कानाला हात लावून बघत होता.
मार्कंडेयांच्या फोटोपुढचा दिवा तेवढा राहिला.
"विझवू?" पोरानं विचारलं.
अंबूअक्कांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.
विझवू म्हणत नाहीत रे.
वाढवू म्हण.

दिवा वाढवतात.
बांगडी वाढवतात.
दुकान वाढवतात, शटर ओढून.
आणि मी त्या इंग्रजी शब्दाला
सहा महिने शिव्या घालत होते.

पुढच्या आठवड्यात बँकेचा फॉर्म आला, या वेळी मराठीत.
रकाना सात : उद्योगाची सद्यस्थिती.
पेन हातात धरून खूप वेळ बसले.
शेठ काहीच सांगेनात, खिडकीतून निळं प्लास्टिक बघत राहिले.
शेवटी लिहिलं,
कारखाना वाढवला.

मॅनेजर नवा होता.
फॉर्मची प्रत परत आली,
सात नंबरच्या रकान्याशेजारी हिरव्या शाईत एक शब्द :
अभिनंदन.