चांदी म्हणायचो आम्ही

खेडच्या दवाखान्यात, चौऱ्याण्णव साली,
मी खलात पारा घोटायची.
भुकटी, थेंब, आणि जोर माझ्या मनगटाचा.
जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढायचा.
तो ट्रेमध्ये पळायचा, मी बोटानं हाकायची,
करडं हाकावीत तशी, एका कोपऱ्यात.
एखादा थेंब फरशीच्या फटीत जायचा.
कुणी शोधायचं नाही.

पेशंटला सांगायचं, चांदी भरलीय,
आजचा दिवस त्या बाजूनं चावू नका.
चांदीच म्हणायचो आम्ही.
लोक आरसा मागून बघायचे.
एका नव्या नवरीनं तर तिथंच, बाकावर,
आ करून सासूला दाखवली होती.

आता फहाहील. दुसरा मजला,
खाली शवरम्याचं दुकान, समोर मासळीचा सूक.
मेपासून सप्टेंबरपर्यंत खिडकी उघडत नाही.
'पारा पन्नासवर गेलाय गं,' असं मुलीला फोनवर सांगते, सवयीनं.
आमच्याकडच्या एकाही थर्मामीटरात आता पारा नाही.
आहे तो लोकांच्या तोंडात.

दिगंबर शेलटकर, मीना अब्दुल्लात क्रेन चालवतो.
चार दाढा, लांज्याच्या शाळेत शिबिर आलं तेव्हाच्या.
खोलीतले सात जण तक्रार करतात,
हा झोपेत जातं ओढतो.
दाढांचे माथे घासून सपाट, काळेभोर, चकचकीत.
मला मराठीत हळूच विचारलं,
ताई, काढली तर किती ग्रॅम भरेल?
मी म्हटलं, त्यात निम्मा पारा असतो.
तो हसला. मग हसणं अर्ध्यात मिटलं,
जीभ आत फिरताना गालावरून दिसली,
एक, दोन, तीन, चार.

डॉक्टर हनान म्हणाल्या, घट्ट बसलीय, हात लावू नका.
काढताना उडतो तो जास्त.
दात खायचं थांबव म्हणावं.
हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, फोरमनला सांगा.

गुरुवारी उम्म बद्र आल्या, सगळ्याच काढायला.
निळं रबर ताणून बसवलं, नाकावर नळी,
नळीतून वेगळी हवा.
ड्रिलनं राखाडी चुरा उडाला, मी सक्शन धरून,
चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर.
माझ्या नाकावर कागद.
बिल तीनशे दिनार. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला,
अल्लाह तुला आरोग्य देवो, म्हणाल्या, मनापासून.

मीही तपासून घेतलं एकदा. बाटलीत लघवी, वर नाव,
स्पेलिंग चुकलेलं.
चार दिवसांनी एक आकडा आला, दशांशचिन्हासकट,
आणि खाली एक ओळ,
सर्वसामान्य लोकांत आढळतो तितकाच.
ती ओळ मी बऱ्याचदा वाचली.
सर्वसामान्य लोक म्हणजे कोण,
ज्यांनी घोटला ते, की ज्यांनी चावला ते,
की सुरमईच्या तुकडीबरोबर ज्यांच्या पोटात गेला तेही?
मुलगी म्हणते, काढून टाक ना आई, पुण्याला ये.
ये म्हणणं सोपं आहे.

रात्री वॉशबेसनपाशी गाल ओढून बघते.
खालची उजवी, शेवटून दुसरी.
खेडच्या डॉक्टरांनी भरली होती, फुकट,
दुपारी पेशंट नव्हते तेव्हा.
आणि म्हणाले होते, तूच घोट, तुझ्यासाठी जरा मऊ घोट.
मी घोटली होती.
फार छान जमली होती त्या दिवशी,
लोण्यासारखी.

चहा गार होऊ देते हल्ली.
कुणी विचारलं तर सांगते, दात शिवशिवतो.