छाट

डिसेंबरात आम्ही ट्रंकांसकट नागपूरला येतो.
एकशेसाठ गाळ्यांत तिघांत एक गिझर,
सकाळी तर्री-पोहे, मग सभागृहात
अध्यक्षांच्या पायाशी आमचं टेबल.
दहा-दहा मिनिटांची पाळी.
कुणाचं तोंड कधी वाट्याला येईल, सांगता येत नाही.

रेवताबाई गेडाम माझ्या वाट्याला आल्या तेव्हा
शेवटच्या रांगेत, खांबाआड बसायच्या,
माईक पेटायच्या आधीच बोलून मोकळ्या.
वर्षभर त्यांच्या नावापुढे मी लिहीत राहिलो:
(ऐकू आले नाही.)

मग त्या थांबायला शिकल्या.
लाल दिवा लागेपर्यंत. गोंगाट बसेपर्यंत.
वेलमध्ये उतरल्या नाहीत, कागद फाडले नाहीत.
नियमांचं पुस्तक रुमालात बांधून आणायच्या,
डब्यासारखं.
एकदा एका मंत्र्याला 'खोटारडे' म्हणून गेल्या
आणि कुणी उठायच्या आत स्वतःच म्हणाल्या,
"शब्द मागे घेते. आकडे घेत नाही."

दुसऱ्या खेपेला समोरून कुणी ओरडलं,
"बाई, हे तुमचं चुलांगण नाही."
अध्यक्ष म्हणाले, कामकाजातून काढून टाका.
त्या उठल्या, हरकतीच्या मुद्द्यावर:
"राहू द्या जी, अध्यक्ष महाराज.
माझ्या नातीला वाचायचं आहे."
आदेश तो आदेश. मी ओळीवर रेघ मारली.
बारीक मारली.

त्यांची आई बिड्या वळायची, वैनगंगेच्या काठी.
हजार वळल्या की सट्टेदार शंभर छाटायचा.
छाटीची मजुरी नाही,
आणि छाट परतही नाही, ती त्याच्याच पोत्यात.
हे त्यांनी लक्षवेधीत मांडलं.
मंत्री म्हणाले, तपासून घेऊ.
तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कट्टा काढला.
"सभागृहात वस्तू दाखवता येत नाही."
"दाखवत नाही जी. मोजते."
एक. दोन. तीन.
काही हसले. सात. आठ.
कुणीतरी बाक वाजवला. बारा.
मग कुणीच काही वाजवलं नाही.
एकोणीसला घंटा झाली. त्या बसल्या.
माझ्या वहीत एकोणीस आकडे आहेत;
छापील प्रतीत एक कंस:
(सन्माननीय सदस्या बिड्या मोजतात.)

त्याच संध्याकाळी आमच्या शाखेत आल्या,
चष्मा कपाळावर, मसुदा हातात.
"साहेब, मी 'माह्या मायचा हात' म्हणलं.
तुम्ही 'माझ्या मातोश्रींचा हात' केला.
माही माय मागं वळून पाहीन ना,
कोन मातोश्री आल्या म्हणून."
प्रमाण लिहावं लागतं, ताई, मी म्हणालो.
"म्हणजे हेही छाटच की."
चहा घेतला. दुरुस्ती मागितली नाही.
तेव्हापासून 'माह्या'साठी मी एक खूण केली आहे,
मोहरीएवढी. शाखेत ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.

पाच निवडणुका, तीन जिंकल्या.
या खेपेला अकराशे मतांनी गेल्या.
खांबाआड आता एक तरुण सदस्य बसतो,
माईकच्या आधी त्याचा मोबाईल पेटतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत सुपारी घ्यायला
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत गेलो.
बॅरिकेडपलीकडे बिडीवाल्या बाया,
डांबरावर सतरंज्या टाकून,
आणि त्यांच्यापुढे रेवताबाई, स्वेटरवरून पदर,
एका हवालदाराशी बोलत,
अगदी सभागृहातल्या आवाजात:
"तुमचं आधी पुरं होऊ द्या, दादा."
मला ओळखलं.
"काय जी, लिहून घेता ना?"

पेन शाखेत राहिला होता.
"नाही ताई. सुपारीला आलो होतो."
"मंग खा," म्हणाल्या,
आणि हवालदाराकडे वळल्या.

दोन-दहाला माझी पाळी होती.
वीस, मी जिना चढताना म्हणालो. एकवीस.
तेविसाला पायऱ्या संपल्या.