दुमड

किपकुर्गाट चाळणघरातून येतो
तेव्हा त्याच्या भुवया तपकिरी असतात,
कानाच्या पाळीतही चहा.
मी त्याला उंबऱ्यातच थांबवते,
जुनं वर्तमानपत्र अंथरते,
म्हणते, पाय पुढे कर.

विजार त्याच्या थोरल्या भावाची. लांब होते,
म्हणून खाली दोन बोटं दुमडलेली.
फाटकावरचा सितोनिक खिसे उलटे करतो,
टोपी, डबा, काखासुद्धा तपासतो.
दुमडीपर्यंत त्याची कंबर वाकत नाही.

दुमड उलगडली की कागदावर सांडतो
सुटा चहा, काळाभोर, बारीक गोल कणीचा,
पहिल्या प्रतीचा.
रोज एक चिमूट. शनिवारपर्यंत मूठ.

तेवीस वर्षं मी हाच खुडला,
दोन पानं, एक कोंब, पाठीवर टोपली.
तो गोणीत शिवून मोंबासाला गेला,
तिथून बोटीनं कुठं कुठं.
केरिचोच्या दुकानात आमच्यासाठी उरते ती झाडलोट.
उकळली तर रंग देते,
बाकी काही म्हणून देत नाही.

रविवारी आलं ठेचते. सोलत नाही, माती तेवढी धुते.
वेलची, लवंग, चार मिरी
मोंबासाच्या बसचा कंडक्टर आणतो, अंड्यांच्या बदल्यात.
तो दालचिनीही देऊ करतो. मी नको म्हणते.
निम्मं पाणी, निम्मं दूध,
पत्ती सगळ्यात शेवटी.
उकळी चढते, बसते, चढते,
तिसऱ्यांदा चढली की उतरवायचा.
सासू म्हणते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा चहा,
आणि कप पुढे करते.

त्या रविवारी अराप सितोनिक आला,
प्रार्थनेनंतर, आमच्या कालवडीचा भाव विचारायला.
भांडं नेमकं चुलीवर.
वासावर ठेवायला झाकण नसतं.

पहिला घोट त्यानं तोंडात धरून ठेवला.
एकोणीस वर्षं हा वास त्याच्यासमोरून
शिवलेल्या गोण्यांतून गेलेला.
"हा चहा..." म्हणाला, आणि थांबला.
किपकुर्गाटनं पाय बाकाखाली ओढून घेतले.
"आलं जास्त झालं का?" सासूनं विचारलं.
"नाही," तो म्हणाला.
मग कालवडीचं बोलणं झालं. भाव काही जमला नाही.
दुसरा कप त्यानं मागून घेतला.

सोमवारी किपकुर्गाट उशिरा आला,
न सांगता उंबऱ्यात उभा राहिला.
"आज सितोनिक वाकला," म्हणाला.
माझ्या हातातला कागद हातातच.
"दुमडीला हात लावला त्यानं."
मी खाली पाहिलं.
दुमड चार बोटांची झाली होती,
कडेनं अंगठ्यानं दाबून नीट बसवलेली.

आता घोटे उघडे पडतात.
सासू रोज बजावते,
थंडी बाधेल त्याला, मोजे वीण.