बडीशेपेच्या तीन काड्या

राखेच्या बुधवारी फादर आन्सेल्मु
अंगठा जरा जास्तच दाबतात.
"माती आहेस तू," म्हणतात.
मी मनात म्हणतो, माहीत आहे माती, फादर,
द्राक्षाच्या मांडवाखालची,
नखात बसते ती ईस्टरपर्यंत निघत नाही.

दरवर्षी मी वाइन सोडतो.
सोपं आहे ते. पिंप तळघरात, तळघराला कुलूप,
किल्ली देओलिंदाकडे.
यंदा तिने किल्ली घेतलीच नाही.
खारवलेला कॉड भिजत घालताना, पाठमोरी,
म्हणाली, "वाइन पी हवी तर.
एर्मीनियुला सोड."

एर्मीनियु. पाटापलीकडचा.
एकोणीस उन्हाळ्यांपूर्वी, गुरुवारच्या रात्री,
पाण्याची पाळी आमची असताना
त्याने फळी उचलली म्हणे.
किंवा त्याच्या पाळीत आधी माझ्या बापाने.
दोघांच्या हातात कुदळी होत्या, एवढं नक्की.
त्या रात्री पाणी कुणाच्याच मक्याला गेलं नाही,
रस्त्यावरून लीमा नदीला मिळालं.
लोक एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणे;
आम्ही खरोखरच पाण्यात पाहिलं.
मग बाप गेला. त्याची कुदळ आणि त्याचा राग
दोन्ही दांड्यासकट माझ्याकडे आले.

देवळातल्या मूर्तींवर जांभळी कापडं चढली.
कुठल्या कापडाखाली कोण, लहानपणापासून पाठ आहे मला,
तरी दरवर्षी चुकल्यासारखं होतं:
खांदा दिसतो, चेहरा नाही.
पवित्र शुक्रवारी घंटा मुक्या.
माझ्या बहिणीचा नातू, दुआर्त,
लाकडी खडखडा फिरवत गल्ल्यांतून गेला,
जणू वाळक्या शेंगांचं पोतं कुणी ओढत नेतंय.
त्या दिवशी मी एर्मीनियुच्या दारावरून गेलो, तीनदा.
मोजल्यावर पेत्र आठवला.
पण कोंबडा काही आरवला नाही,
आमच्या आळीत आता अंडी सगळे विकतच आणतात.

पास्काच्या सकाळी क्रूस माझ्या हाती असतो.
अंगात लाल झगा, पुढे दुआर्तची घंटी,
मागे फादर आणि पवित्र पाण्याची छोटी बादली.
आमच्या मिन्यूतली रीत अशी:
ज्याला क्रूस घरात हवा, त्याने
उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत अंथरायचं
रोझमेरी, कॅमेलियाच्या पाकळ्या, रानबडीशेप.
पायाखाली वास चिरडत आम्ही आत जातो,
घरातली सगळी, तान्ह्यासकट, क्रूसाचं चुंबन घेतात.
जिथे काही अंथरलेलं नाही, तिथे आम्ही थांबत नाही.
एर्मीनियुच्या दारात एकोणीस वर्षं
नुसता ग्रॅनाइट.

यंदाही.
फक्त पायरीशी बडीशेपेच्या तीन काड्या,
अर्ध्या चुरगळलेल्या.
कुणाच्या गाडीतून पडल्या असतील.
वाऱ्याने आल्या असतील, आमच्याच अंगणातून;
देओलिंदा पहाटेच टोपली घेऊन बाहेर पडली होती.
दुआर्त पुढे निघून गेला. फादर घड्याळ पाहत होते,
सत्तेचाळीस घरं बाकी.
मी दार वाजवलं.
क्रूसाच्या दांड्याने, कारण दुसऱ्या हातात फडकं होतं.

खूप वेळाने कडी.
कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबती.
त्याने आधी क्रूस पाहिला, मग मला, मग पायरी.
"ती बडीशेप माझी नाही," म्हणाला.
"माहीत आहे," मी म्हणालो.

मागे पाट वाहत होता.
रविवारी पाळी कुणाची असते
मला खरंच आठवेना.

मग तो वाकला, चौकटीला धरून, कण्हत,
आणि रुप्याच्या त्या पायांवर ओठ टेकले.
रीतीप्रमाणे मी फडक्याने पुसायला हवं होतं
पुढच्या घरासाठी.
नाही पुसलं.
पुढचं घर माझंच होतं.