रात्रपाळी

लिसी सिस्टर निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी
ओल्या मल्याळम वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी
माझ्या हातात ठेवून म्हणाल्या,
"माती नको. लाड तर नकोच.
वास रात्रीच येतो, दिवसा हुंगू नकोस,
उगाच खट्टू होशील."

उघडलं तर पाच पानं,
शेवग्याच्या कोवळ्या शेंगांसारखी,
आणि पांढऱ्या सुतळीसारखी मुळं,
ज्यांना धरायला काहीतरी हवं होतं
आणि पुरून घ्यायचं मुळीच नव्हतं.

हे ग्वाल्हेर आहे, लिसी सिस्टर.
इथे मे महिन्यात दुपारी दोनला
शिंदे की छावनीतली कुत्री गटारात उतरून बसतात,
आणि जानेवारीत धुकं असं
की समोरचा किल्ला आठ-आठ दिवस रजेवर.

तरी मी कोळसे आणले, इस्त्रीवाल्या मुन्नालालकडून.
देवळातल्या गुरवाला सांगून नारळाच्या शेंड्या.
नळाचं पाणी खारं, पानांवर पांढरे नकाशे काढणारं,
म्हणून बँकेच्या एसीची नळी ठिबकते तिथे
डबा लावायला लागले.
पहारेकरी तोमर रोज विचारायचा,
"सिस्टर, आज कितना ब्याज मिला?"

मुदत संपलेला सलाइनचा सेट
खिडकीच्या गजाला टांगला.
मिनिटाला सहा थेंब. एवढंच तर येतं मला.
हेरंब म्हणाला, "पेशंटचं नाव काय?"
मला सांगता आलं नाही,
लेबल तर केव्हाच भिजून गेलं होतं.

थंडीत कुकरच्या शेजारी,
उन्हाळ्यात कूलरच्या बगलेत, खसाच्या ओल्या वाऱ्यात.
मूळ वाळलं की राखेच्या रंगाचं,
भिजलं की हिरवं.
नाडी पाहावी तसं मी ते पाहायचे.
दोन वर्षं काही नाही.
तिसऱ्या वर्षी एक पान गेलं.
चौथ्या वर्षी, ऐन नौतप्यात,
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना,
त्याला फूल आलं.

आणि मला रात्रपाळी.

सातला निघते तेव्हा ते गप्प.
मधली पाकळी पांढरीशुभ्र, पिंपळपानाच्या आकाराची,
बाजूच्या पाच कोळ्याच्या पायांसारख्या बारीक.
नऊच्या पुढे म्हणे सुरू होतं.
कूलर तो वास घरभर फेकतो, जिन्यातसुद्धा.
खालच्या कुशवाह भाभी वर येऊन विचारून गेल्या,
"शादी है क्या किसी की?"
ओजस म्हणतो, लिंबू.
हेरंब म्हणतो, छे, वेलदोडा, आणि किंचित साबण.
जेवता जेवता दोघांचं भांडण होतं म्हणे.
सकाळी आठला मी परत येते,
बूट न काढता नाक लावते.
ओला खस. माझ्याच बोटांना स्पिरिट.
बाकी काही नाही.

पाळी बदलून घे, शुभदा म्हणाली.
अर्जात कारण काय लिहू? फूल?
मेट्रन हसली असती,
पण बहुतेक सहीही केली असती तिने.
म्हणूनच मी लिहिला नाही.

पाचव्या रात्री, अडीचला,
चौदा नंबरच्या आजोबांचा श्वास
एकदाचा सरळ चालायला लागला,
तेव्हा व्हरांड्यात येऊन फोन केला.
"हेरंब, ऊठ. फोन त्याच्याजवळ धर."
"कोणाच्या?"
"धर ना."

तो पुढे काही बोलला नाही.
पावलं. खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग कूलरची घरघर, पंपाची गुळणी,
जाळीवरून उतरणारं पाणी.
मी फोन कानाला घट्ट लावला,
जणू भोकं मोठी झाली तर येईल काही.

आणि मधेच त्याचा श्वास,
एक लांब, पोटापर्यंत ओढलेला,
मग थांबलेला,
जसा मी रोज लोकांना थांबवायला सांगते.

एक. दोन. तीन.
चारपर्यंत मोजलं.
सोड आता, म्हटलं,
आणि चौदा नंबरची बाटली बदलायला
आत गेले.